रमजान, कुराण आणि विनोबांची वाट



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात आम्ही रमजानवर बोलावयास उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. परंतु सेक्टर 10 मध्ये संसार थाटलेल्या मराठी माणसाला हा विषय परका नाही. भिलाईची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या पोलादाच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली आणि भिंतीला भिंत लावून राहू लागली. सेक्टर 6 मधील जामा मशीद आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. ईदेच्या शीरखुर्म्याची गोडीही आपण जाणतो. मात्र ज्या ग्रंथाभोवती हा सारा महिना फिरतो, त्याची आपल्याला कितीशी ओळख आहे?

रमजान हा केवळ उपवासाचा महिना नव्हे. कुराणाचे अवतरण याच महिन्यात झाले, असे तो ग्रंथच सांगतो. त्याचे 30 भाग, म्हणजे पारे, आहेत. रात्रीच्या तरावीहच्या नमाजात ते क्रमाने म्हटले जातात आणि अनेक मशिदींत महिनाभरात संपूर्ण ग्रंथ कानांवरून जातो. ज्यांनी सप्ताहातील पारायण ऐकले आहे, त्यांना यातील भाव वेगळा समजावून सांगावयास नको.

रोजाची आज्ञा दुसऱ्या अध्यायात आहे. तुमच्या पूर्वीच्या लोकांनाही उपवास सांगितला होता, असे तेथे आरंभीच म्हटले आहे. आजारी माणसाने आणि प्रवाशाने राहिलेले दिवस पुढे भरून काढावेत, अशी मुभाही आहे. अन्नत्यागाबरोबर गरिबाला जेवू घालण्याचा विचार तेथेच येतो. इथवर आपले मन सहज डोलते. आपल्या व्रतवैकल्यांशी साम्य दिसते आणि आपण संतुष्ट होतो.

परंतु आम्हांस वाटते, खरी कसोटी याच्या पुढे आहे. आपल्या पंचांगात अधिक मास येतो, म्हणून श्रावण पावसाळ्याला धरून राहतो. इस्लामी वर्ष शुद्ध चांद्र आहे; महिने मागेपुढे सरकवण्याची रीत कुराणाच्या नवव्या अध्यायात निषिद्ध ठरवली आहे. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो आणि सुमारे 33 वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. भिलाईच्या मे महिन्यातील होरपळीत पाण्याचा थेंबही न घेता दिवस काढणे, आणि त्याच वयाच्या ओघात कधी पौषातल्या लहान दिवसाचा रोजा करणे, हा अनुभव आपल्या अनुभवासारखा नाही. तो आपल्यासारखा नाही म्हणूनच समजून घ्यावयाचा आहे.

या बाबतीत एका मराठी माणसाने घालून दिलेली वाट आपल्यापुढे आहे. गागोद्यास 1895 साली जन्मलेल्या आणि ‘गीताई’मुळे घराघरांत पोचलेल्या विनोबांनी कुराणाचा अभ्यास आधी भाषांतरातून केला. तेवढ्यावर समाधान न मानता ते अरबी शिकले आणि मूळ ग्रंथाकडे वळले. शेजाऱ्याचा ग्रंथ त्याच्या शब्दांत ऐकावा, यासाठी प्रौढ वयात नवी लिपी गिरवावयाची, याला आम्ही खरा आदर म्हणतो. फाळणीनंतर 1948 साली ते मेवातमधील मेव मुसलमानांच्या पुनर्वसनासाठी गेले. त्यांच्या ठायी अभ्यास आणि सेवा निराळी नव्हती.

पुढे त्यांनी कुराणातील निवडक वचने विषयवार लावून ‘कुराण-सार’ सिद्ध केले. 1962 साली ते प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी ते पूर्व पाकिस्तानातून पायी गेले. दुसऱ्याच्या धर्मग्रंथातून निवड करण्याचा अधिकार यांना कोणी दिला, असाही सूर त्या वेळी उमटला. हा प्रश्न रागाने झटकून टाकण्याजोगा नाही. श्रद्धावंताला ग्रंथाचे प्रत्येक अक्षर सारखेच पवित्र असते. सार काढणारा काही ठेवतो, काही गाळतो. आपण निवडू लागलो तर बहुधा आपल्यासारखे तेवढेच उचलू, आणि शेजाऱ्याच्या ग्रंथात पुन्हा आपलेच तोंड पाहू.

म्हणून ‘सार’ हा उंबरठा मानावा, घर नव्हे, असे आमचे नम्र मत आहे. उंबरठाच नसेल तर आत जाणे होत नाही; परंतु उंबरठ्यावरून परतलेल्याने घर पाहिले असे म्हणू नये.

आपण गावापासून दूर आलो आणि या मंडळाच्या आधाराने आपली भाषा, आपला गणपती, आपली नाटके जपली. आपले जपले जावे असे ज्याला वाटते, त्याला दुसऱ्याच्या जपण्याचे मोल कळले पाहिजे. येत्या रमजानात संध्याकाळी शेजारच्या घरी जाणे झाले, तर खजुराबरोबर एक प्रश्नही विचारावा : आज कोणता पारा झाला आणि त्यातले आपल्याला काय भावले? उत्तर आपल्या मताशी जुळले नाही तरी पूर्ण ऐकून घ्यावे.