‘पर्यंत’, ‘आत’ आणि ‘पूर्वी’
(इंग्रजीतील वेळ व मुदत दर्शविणारे शब्दप्रयोग : प्राथमिक शिक्षकांसाठी भाषण)



जळकोटसारख्या गावी शाळेचा शिक्षक केवळ मुलांचाच शिक्षक नसतो. टपालाने आलेला कागद, बँकेची सूचना, विम्याचा अर्ज किंवा मुलाच्या प्रवेशपरीक्षेचे पत्रक हाती घेऊन पालक शाळेच्या ओसरीवर येतो आणि विचारतो, ‘गुरुजी, हे कधीपर्यंत द्यायचं?’ प्रश्न चार शब्दांचा असतो. परंतु त्याचे उत्तर एका दिवसाने चुकले, तर मुलाचे एक वर्ष वाया जाऊ शकते. म्हणून इंग्रजीतील वेळेसंबंधीच्या शब्दप्रयोगांचा विचार हा निव्वळ व्याकरणाचा विचार नव्हे. तो व्यवहाराचाही आहे.

जळकोटचा परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी सरकारी कागदाची भाषा उर्दू होती. ‘मुदत’, ‘मोहलत’, ‘तारीख’, ‘पेशी’ हे शब्द अरबी-फारसीतून आलेले असले, तरी ते इथल्या शेतकऱ्याच्या जिभेवर रुळले. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभारात स्थान मिळाले. तरीही रेल्वे, विमा, बँका आणि केंद्र सरकारच्या अनेक योजना यांच्या कागदांत इंग्रजी उरलीच. २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाऊ लागली. त्यामुळे ही जबाबदारी माध्यमिक शाळेवर सोपवून प्राथमिक शिक्षकाला मोकळे होता येत नाही.

प्रथम ‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’ हे दोन प्रयोग पाहावेत. दोहोंचे भाषांतर पुष्कळदा सरसकट ‘वेळेवर’ असे केले जाते. वास्तविक मराठीत ह्या दोहोंसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत आणि ते इंग्रजी शब्दांशी तंतोतंत जुळतात. ‘ऑन टाइम’ म्हणजे ‘वेळेवर’ आणि ‘इन टाइम’ म्हणजे ‘वेळेत’. ‘वर’ हा प्रत्यय ठरलेल्या बिंदूवर बोट ठेवतो, ‘त’ हा प्रत्यय मर्यादेच्या आत असणे सांगतो. उदगीरला जाणारी एस.टी. सात वाजता सुटावयाची आहे असे समजावे. ती बरोबर सात वाजता सुटली, तर बस ‘ऑन टाइम’ सुटली. एक मुलगा पावणेसात वाजता थांब्यावर पोचला, तर तो बससाठी ‘इन टाइम’ पोचला. बसने पावणेसातला सुटून चालत नाही. प्रवाशाने मात्र पावणेसातला पोचलेलेच बरे. हा एक दाखला वर्गात दिला की व्याख्या पाठ करून घेण्याची गरज उरत नाही. ‘इन टाइम’चा ‘कालांतराने’ असाही एक अर्थ होतो, हे मात्र वरच्या वर्गांत सांगून ठेवावे.

ह्याच जोडीने ‘पंक्च्युअल’ हा शब्द शिकवावा. त्याच्या मुळाशी ‘बिंदू’ ह्या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. वक्तशीर मनुष्य म्हणजे बिंदू न सोडणारा मनुष्य. वेळेच्या अगोदर पोचणाऱ्याला ‘अर्ली’ म्हणतात, आणि हाताशी भरपूर अवधी ठेवून पोचल्यास ‘वेल इन टाइम’ म्हणतात. अगदी शेवटच्या क्षणी साधले तर ‘जस्ट इन टाइम’ किंवा ‘इन द निक ऑफ टाइम’ असे म्हणतात. ‘निक’ म्हणजे खाच. काठीवर खाच पाडावी तितका नेमका क्षण, असे चित्र ह्या प्रयोगामागे आहे. ‘ॲट द इलेव्हन्थ अवर’ हा प्रयोग मुलांना फसवितो. अकरा वाजता असा त्याचा अर्थ मुळीच नाही. बायबलातील एका दृष्टांतात द्राक्षमळ्याचा धनी दिवसाच्या अकराव्या तासालाही मजूर कामावर घेतो. तेथे दिवस सूर्योदयापासून बारा तासांचा धरलेला आहे. म्हणून अकरावा तास म्हणजे दिवस मावळण्यापूर्वीची शेवटची घटका होय.

आता सर्वांत अवघड शब्दाकडे वळावयाचे. तो शब्द इंग्रजी नसून मराठी आहे, आणि तो म्हणजे ‘पर्यंत’. ‘सोमवारपर्यंत वही दे’ आणि ‘सोमवारपर्यंत मामाकडे राहा’ ह्या दोन्ही वाक्यांत मराठी माणूस निःशंकपणे ‘पर्यंत’ वापरतो. इंग्रजीत मात्र पहिल्या ठिकाणी ‘बाय मंडे’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘टिल मंडे’ किंवा ‘अन्टिल मंडे’ असे म्हणावे लागते. वही देणे ही क्रिया एकदाच घडून संपते. ती सोमवार संपण्याच्या आत केव्हाही घडली तरी चालते. राहणे ही क्रिया सोमवार येईतो अखंड चालू राहते. म्हणजे ‘बाय’ हा मुदतीच्या आत पडणारा एक ठिपका आहे आणि ‘टिल’ ही मुदतीपर्यंत ओढलेली रेघ आहे.

फळ्यावर सात वारांची सात घरे आखावीत. ‘बाय’चे वाक्य आले की मुलाने कोणत्याही एका घरात ठिपका द्यावा; ‘टिल’चे वाक्य आले की पहिल्या घरापासून रेघ ओढावी. ‘पाणी भर’, ‘झोप’, ‘पत्र टाक’, ‘वाट पाहा’ अशा क्रिया एकामागून एक सांगाव्यात आणि ठिपका की रेघ, एवढेच विचारावे. तिसरी-चौथीच्या मुलांना हा खेळ सहज जमतो आणि नियम त्यांना आपोआप कळतो.

नकारार्थी वाक्यात हाच भेद अधिक महत्त्वाचा ठरतो. ‘साहेब सोमवारपर्यंत येणार नाहीत’ असा निरोप मराठीत आला, तर ते सोमवारी येतील की नाही, ह्याविषयी ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहते. इंग्रजीत ‘अन्टिल मंडे’ असा नकार असेल, तर सोमवारी येण्याची अपेक्षा आहे. ‘बाय मंडे’ असा नकार असेल, तर सोमवार उलटला तरी येणे झालेले नसेल. एका शब्दाच्या फरकाने पालकाची तालुक्याची फेरी फुकट जाऊ शकते.

तिसरा शब्द ‘बिफोर’, म्हणजे ‘पूर्वी’. अर्ज ‘बिफोर १५ जुलै’ मागविला असेल, तर शेवटचा दिवस १४ जुलै हा होय. ‘बाय १५ जुलै’ असेल, तर १५ तारीख सामान्यतः मुदतीत धरतात. परंतु सामान्यतः ह्या शब्दावर कोणाचे नुकसान होऊ नये, म्हणून कायदेशीर व सरकारी लिखाणात ‘ऑन ऑर बिफोर’ असा संपूर्ण प्रयोग करतात. त्याचा अर्थ त्या दिवशी किंवा त्यापूर्वी. ‘नॉट लेटर दॅन’ म्हणजे त्यानंतर नव्हे. त्यातही तो दिवस धरलेला असतो. मराठीत परिपत्रकाचा सारांश लिहिताना शिक्षकाने नुसते ‘१५ पर्यंत’ न लिहिता ‘१५ जुलै, शनिवार, हा दिवस धरून’ अशा धर्तीचे वाक्य लिहावे. तारखेबरोबर वार लिहिण्याचा लाभ असा की तारीख चुकली असल्यास वार ती चूक उघडी करतो.

चौथी जोडी ‘इन’ आणि ‘विदिन’ यांची. ‘आय शॅल कम इन ॲन अवर’ ह्याचे ‘मी तासाच्या आत येईन’ असे भाषांतर वर्गावर्गांत होते. त्याचा खरा अर्थ ‘मी तासाभराने येईन’ असा आहे. ‘तासाच्या आत’ म्हणावयाचे असेल, तर ‘विदिन ॲन अवर’ असे म्हणावे. ‘नी’ आणि ‘आत’ ह्या मराठी प्रत्ययांतील हा फरक लहान मुलालाही ठाऊक असतो. ‘बाबा दोन दिवसांनी येणार’ आणि ‘बाबा दोन दिवसांत येणार’ ह्यांपैकी कोणत्या निरोपाने जास्त आनंद होईल, असे विचारले की मूल चटकन उत्तर देते.

दिवस मोजण्याची रीत हाही विषय येथे घेणे इष्ट आहे. मराठीत सोमवारी बोलणारा मनुष्य पुढल्या सोमवारविषयी ‘आठ दिवसांनी’ असे म्हणतो, कारण तो दोन्ही सोमवार मोजतो. ‘आठवडा’ हा शब्दही ह्याच मोजणीची खूण बाळगतो. ही गावंढळ चूक नव्हे. फ्रेंच मनुष्यही आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’ म्हणतो. इंग्रजाची मोजणी मात्र निराळी आहे. त्याचा ‘फोर्टनाइट’ म्हणजे मुळात ‘चौदा रात्री’. आपला पंधरवडा पंधरा तिथींचा. ‘विदिन अ फोर्टनाइट’ ह्याचे ‘पंधरा दिवसांच्या आत’ असे भाषांतर केले, तर एक दिवस जास्तीचा दिला जातो, आणि तोच दिवस घातक ठरतो.

कायद्याने ही मोजणी कशी करावी हे ठरवून दिलेले आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या नवव्या कलमानुसार, अधिनियमात ‘अमुक दिवसापासून’ असे म्हटले असता तो आरंभीचा दिवस मोजणीतून वगळतात, आणि ‘अमुक दिवसापर्यंत’ असे म्हटले असता तो शेवटचा दिवस मोजणीत धरतात. १ जूनपासून सात दिवसांची मुदत असेल, तर २ जून हा पहिला दिवस आणि ८ जून हा शेवटचा. दहाव्या कलमात आणखी एक सोय आहे. कायद्याने ठरविलेल्या मुदतीचा शेवटचा दिवस कचेरी बंद असण्याचा निघाला, तर कचेरी पुढे ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी केलेले काम मुदतीत धरले जाते. मात्र ही सवलत प्रत्येक परीक्षेच्या किंवा योजनेच्या अर्जाला लागू होईलच असे समजून कोणी निर्धास्त राहू नये.

दिवसांऐवजी तास दिलेले असतील, तर अधिक सावध असावे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या नियमांत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीने झालेले नुकसान ७२ तासांच्या आत कळविण्याची अट घातली गेली. मंगळवारी दुपारी चार वाजता गारा पडल्या, तर ७२ तास शुक्रवारी दुपारी चारला संपतात. ‘तीन दिवस’ म्हणून शुक्रवारी संध्याकाळी धावपळ करणाऱ्याचे तास संपलेले असतात. तासांची मुदत घड्याळाने मोजावी, वाराने मोजू नये.

रात्रीच्या वेळेविषयीही असाच घोटाळा होतो. खेड्यात ‘सोमवारची रात्र’ मंगळवारी उजाडेपर्यंत चालते. रेल्वेचा दिवस मात्र मध्यरात्री बदलतो. तिकिटावर मंगळवार, ००.३० असे छापलेले असेल, तर प्रवाशाने सोमवारी रात्रीच स्टेशन गाठले पाहिजे. मंगळवारी जेवण उरकून निघालेल्याची गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते.

घड्याळाचे हे एकछत्री राज्य तसे जुने नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. तरी मुंबईत तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली स्थानिक वेळ १९५५ पर्यंत टिकून होती. इतक्या मोठ्या शहरालाही एका घड्याळाची सवय होण्यास अर्धे शतक लागले. तेव्हा सूर्य आणि सावली पाहून पेरणी-कापणी करणाऱ्या समाजाला ‘वेळेची जाणीव नाही’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. मृग निघण्यापूर्वी रान तयार ठेवणारा शेतकरी मुदत उत्तम जाणतो. त्याला अपरिचित असते ती कागदावरील मुदतीची भाषा, आणि ती समजावून देणे हे शाळेचे काम आहे.

शेवटचा शब्द ‘डेडलाइन’. हा आता मराठी बोलण्यातही शिरला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६४ च्या सुमारास, अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत एक रेषा आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडीत. पुढे हा शब्द वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी रूढ झाला. मुलांना ही हकीकत सांगावी, पण तिचा धाक घालू नये. उशिरा आलेल्या मुलाला दारात उभे करून वक्तशीरपणा शिकविता येत नाही. तांड्यावरून किंवा ओढ्यापलीकडून येणाऱ्या मुलाने किती वाजता घर सोडले, हे आधी विचारावे. त्याच उत्तरातून ‘लीव्ह’, ‘रीच’, ‘लेट’ आणि ‘इन टाइम’ हे चार शब्द त्याला देता येतात.

प्रत्येक शाळेने एक साधी प्रथा पाडावी. कोणतेही मुदतीचे पत्रक आले की त्यातील मुदतीचा मूळ शब्द, त्याचा मराठी अर्थ, शेवटची तारीख, वार आणि वेळ अशा पाच गोष्टी फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहाव्यात, आणि मुदत संपेपर्यंत तो कोपरा पुसू नये. वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने रोज परिपाठाच्या वेळी उरलेले दिवस मोठ्याने सांगावेत. मुले ती तारीख घरी नेतील. मग ओसरीवर येणाऱ्या पालकाचा प्रश्नही बदललेला दिसेल. ‘कधीपर्यंत द्यायचं?’ असे न विचारता तो म्हणेल, ‘गुरुजी, चौदा शेवटची आहे म्हणतो पोरगा, बाराला आणून दिलं तर चालेल ना?’