ऊब ओळखणारा जनुकवाहक

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)



थंडीत तूप थिजते, उन्हात वितळते. याच्या अगदी उलट वागणारा एक बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, आहे. संशोधक त्याला थोडक्यात 'पीनायपाम' म्हणतात. गार पाण्यात तो विरघळलेला असतो. तापमान साधारण ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याच्या लांब साखळ्या आक्रसतात. एप्रिलात नाशिकच्या एखाद्या खिडकीत त्याची बाटली ठेवली, तर पाणी सकाळी नितळ, भर दुपारी दुधाळ आणि पहाटे पुन्हा नितळ दिसेल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. आशिष लेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात याच पदार्थाच्या जेलचा अभ्यास केला होता.

याचा आपल्या आरोग्याशी संबंध काय? आपल्या जिल्ह्यातील पेठ, सुरगाण्यासारख्या आदिवासी भागांत सिकलसेल हा आजार आढळतो. एका जनुकातल्या एका अक्षराच्या चुकीने लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. त्यावर जनुकोपचार हा मूळ उपाय ठरू शकतो. पण जनुक पेशीत पोचवायचे कसे? नुसते टोचले तर रक्तातली विकरे त्याचे तुकडे करतात. म्हणून बहुधा निरुपद्रवी केलेले विषाणू वाहक म्हणून वापरतात. त्यांतही धोका असतो. १९९९ साली अमेरिकेत अशा उपचारानंतर एका अठरा वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला.

येथे बहुवारिक उपयोगी पडू शकतो. जनुकावर ऋण विद्युतभार असतो. बहुवारिकाला धनभार असलेले गट जोडले की तो जनुकाला बिलगतो. उबेत ही मोट घट्ट बसते, गारव्यात सैल होते. जपानी संशोधकांनी २००० साली प्रयोगशाळेतल्या पेशी काही तास थंड करून, त्यांत शिरलेल्या जनुकाचे काम वाढवून दाखवले.

मात्र घाई नको. पीनायपाम शरीरात सहज विघटित होत नाही आणि जास्त धनभार पेशींना अपाय करतो. २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्य झालेल्या सिकलसेलच्या जनुकोपचारात हा वाहक नाही. तिथे पेशी शरीराबाहेर काढून दुरुस्त करतात आणि अमेरिकेत त्याची जाहीर किंमत आहे २२ लाख डॉलर!

म्हणूनच वाहकाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारखान्यात तयार होणारा, सुरक्षित आणि स्वस्त वाहक सापडेल, तेव्हाच हा उपचार सुरगाण्याच्या पाड्यापर्यंत पोचेल. तोवर रक्ततपासणी आणि नियमित औषधे यांना पर्याय नाही.