जुळे शब्द



दोन भाषा जाणणाऱ्याने एकीचे पुस्तक उघडले म्हणजे दुसरी मनात झोपी जाते, असे आपणांस वाटते. हॉलंडातील डाइकस्ट्रा आदी संशोधकांनी १९९८ साली निराळेच दाखविले. इंग्रजी ‘रूम’ म्हणजे खोली. त्याच अक्षरांचा डच शब्द म्हणजे साय. इंग्रजी शब्दांत डच शब्द मिसळून दिले, तेव्हा असे जुळे शब्द इंग्रजी म्हणून ओळखण्यास डच मंडळींना अधिक वेळ लागला.

आपली ‘शिक्षा’च पाहा ना! मराठीत दंड, हिंदीत विद्या. हिंदी धडा वाचताना मूल तेथे थबकले, तर त्याला ढ म्हणू नये. त्याच्यापुढे दोन्ही अर्थ एकदम उभे राहिले असतील. अशा मुलास हिंदीतली शिक्षा द्यावी, मराठीतली नव्हे!