कोल्हापुरांत घडलेला कॅमेरा

नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंनीं चलच्चित्रांचा कॅमेरा घरींच घडविण्याचें मनावर घेतलें, तेव्हां असें यंत्र विलायतेहून विकत आणणें हाच रूढ मार्ग होता. दादासाहेब फाळक्यांनींही आपला कॅमेरा लंडनहून आणिला होता. काम चाललें असतांच १९१६ सालीं आनंदराव वारले. यंत्र अपुरें, आणि जोडीदार गेलेला.

अशा यंत्राची खरी मेख फीत सरकविण्यांत असते. मूठ फिरतांच आंकडीनें फितीच्या भोकांत शिरून एक चौकट खालीं ओढावी, ती निश्चल असतांच झडप उघडून मिटावी, आणि हें सेकंदास सुमारें सोळा वेळां. केसभर चूक झाली तरी चित्र कांपूं लागतें! कुंचला धरणाऱ्या हातांनीं हें अंगावर घ्यावें, हेंच नवल. विष्णुपंत दामल्यांस हाताशीं धरून बाबूरावांनीं १९१८ सालीं कॅमेरा तडीस नेला. १९२० सालीं त्यांची ‘सैरंध्री’ पडद्यावर आली.

परंतु एक कॅमेरा म्हणजे कारखाना नव्हे. १९२९ सालीं दामले व फत्तेलाल ‘प्रभात’ काढण्यासाठीं बाहेर पडले, आणि पुढें बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनीही मिटली. २०११ च्या सुमारास आरी व पॅनाव्हिजन यांसारख्या मातब्बर परदेशी कारखान्यांनींही फितीचे नवे कॅमेरे घडविणें थांबविलें. फितीवर चित्रण करणारे आतां बहुतेक जुनींच यंत्रें दुरुस्त करून वापरतात.