शहाजीराजांचे पितृत्व

संस्कारांचा विषय निघाला की जिजाऊमाँसाहेबांचे नाव सहज ओठांवर येते आणि ते योग्यच आहे. मात्र शहाजीराजे ‘सदैव मोहिमेवर असलेले पिता’ म्हणून बाजूला राहतात, हा अन्याय होय. परमानंदांच्या ‘शिवभारता’नुसार बारा वर्षांच्या शिवबांना बंगळूरहून पुण्यास धाडताना त्यांनी हत्ती-घोडे, विश्वासू अमात्य, नामांकित अध्यापक आणि ध्वजही सोबत दिले. अंतर होते, पण दुर्लक्ष नव्हते. आज त्याच बंगळुरात नोकरीस असलेला पिता दूरध्वनीवर बहुधा गुणच विचारतो! राजांनी मुलावर जहागिरीचा भार टाकला. पुढे राजमुद्रेवर शिवरायांनी स्वतःला शहाजींचा पुत्र म्हणवले. १६४८ मध्ये आदिलशाहीने राजांना जिंजीजवळ कैद केले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी याच पुत्राने कोंढाणा परत दिला.