विहिरीतल्या पाण्याचा हिशेब

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’ असा विषय दिला होता. त्यांची माफी मागून मी विषय बदलते आहे. त्यावर बोलणारे आपल्या ग्रुपवर रोज चार तरी भेटतात. मी आज शाळेच्या विहिरीबद्दल बोलणार आहे. एप्रिलमध्ये मी ग्रुपवर एक आलेख टाकला होता, तो तुम्ही सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर काय झालं ते निम्म्या लोकांनीच वाचलं. उरलेल्या निम्म्यांसाठी हे भाषण आहे.

विहीर तुम्हाला आठवत असेलच. मागच्या मैदानाच्या कडेला, दगडी बांधणीची, वीस फूट रुंद. आपण वाकून पाहायला गेलो की बाई ओरडायच्या. वसतिगृह, बाग आणि स्वच्छतागृहं हिच्याच पाण्यावर चालतात. आपल्या माणदेशात मार्च उजाडला की पाणी खाली जातं आणि कोणाच्या तरी नजरचुकीनं मोटर कोरडी फिरते. दोन वर्षांत ती दोनदा जळाली, दोनदा रिवाइंड करून आणली. तेव्हा आपल्या बॅचने वर्गणी काढायचं ठरवलं, पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसवायचं, पातळी ठरावीक खुणेच्या खाली गेली की मोटर आपोआप बंद. काम माझ्याकडे आलं. माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची, पोट भरते सॉफ्टवेअरवर. स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून वीस वर्षं झाली होती, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

यंत्र सोपं आहे. अंगठ्याएवढ्या जाडीची स्टीलची नळकांडी, तिच्या तोंडाशी एक पातळ पडदा आणि मागे लांब केबल. ती विहिरीत सोडायची. वर जितकं पाणी, तितका पडद्यावर दाब. नववीत सरांनी पत्र्याच्या डब्याला वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोकं पाडून पाणी भरलं होतं. खालच्या भोकातली धार सगळ्यात लांब गेली होती आणि पहिल्या बाकावरच्यांची दप्तरं भिजली होती. तोच डबा, फक्त आता त्याला वायर जोडलेली.

आमचं यंत्र दहा मीटरचं. पाणी शून्य असेल तर ते चार मिलिअँपिअर प्रवाह देतं, दहा मीटर असेल तर वीस. म्हणजे मीटरला १.६. सुरुवात शून्यापासून का नाही, असं मला इथल्याच एकाने विचारलं होतं. कारण वायर तुटली तरी प्रवाह शून्यच येणार. चारच्या खाली आकडा पडला की समजायचं, विहीर कोरडी नाही, वायर गेली.

बसवायला फेब्रुवारीतले दोन शनिवार-रविवार लागले. कठड्यावर छिन्नीने एक खूण केली. तिथून तळ तेरा मीटर. तळाशी गाळ आहे, म्हणून यंत्र त्याच्यावर अर्धा मीटर, म्हणजे खुणेपासून साडेबारा मीटरवर टांगलं. मोटरच्या फूटव्हॉल्व्हपासून लांब, कारण पाणी खेचलं जातं तिथे आकडा नाचतो. यंत्रासाठी भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा केला. हे सगळं करताना विहिरीत उतरले ते मामा. आपण आठवीत असताना शाळेत नव्याने शिपाई म्हणून लागलेले मामा, तेच. त्यांना आता निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. दगडांत पाय रोवत ते खाली जात होते आणि मी वरून सूचना देत होते.

मग कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचा आकडा आणि खरं पाणी यांचा मेळ घालणं. केबलवर दर मीटरला चिकटपट्टी लावली. आधी यंत्र हवेत धरून आकडा घेतला, मग पाण्याखाली एक मीटर, तीन मीटर, पाच मीटर. परत वर येताना पाच, तीन, एक. पाच मीटरला पडद्यावर ४.८० आलं. वीस सेंटिमीटर गायब! तासभर प्रोग्राम तपासला. माझ्या व्यवसायात चूक कायम प्रोग्राममध्ये असते, अशी श्रद्धा असते. शेवटी मल्टिमीटर लावला तेव्हा कळलं, की मी १५० ओहमचा म्हणून लावलेला रेझिस्टर १४६चा होता. त्याच्यावर सोनेरी पट्टा होता, म्हणजे पाच टक्के इकडे-तिकडे चालेल असं तो स्वतःच सांगत होता. खरा आकडा प्रोग्राममध्ये घातला आणि सगळी मापं सेंटिमीटरभराच्या आत जुळली. त्या दिवशी मी फार खूश होते. वायरी पेटीत घालून, मुंग्या आणि ओल आत जाऊ नये म्हणून जिथे जिथे भोक दिसलं तिथे एम-सील लावलं आणि पुण्याला परतले.

एप्रिलमध्ये वसतिगृहाला सुट्टी लागली. पाणी वापरायला कोणी नाही, मोटर बंद. आणि माझ्या मोबाइलवर रोज दिसायला लागलं, की सकाळी दहाच्या सुमाराला पाणी वर असतं, दुपारी चारपर्यंत सात सेंटिमीटर उतरतं आणि रात्रीतून परत भरतं. वीस फुटी विहिरीत एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास २९० लिटर. सात सेंटिमीटर म्हणजे दोन हजार लिटर. रोज. दुष्काळी गावात, एप्रिलमध्ये.

मी तो आलेख ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘दुपारी दोन हजार लिटर कुठे जातंय?’ कोणाचं नाव लिहिलं नाही. पण पंपघराची किल्ली एकाकडेच असते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कोणी लिहिलं, शेजारच्या मळ्यात जात असेल. कोणी लिहिलं, टँकरवाले. कोणी नुसता डोळा मारणारा चेहरा टाकला. त्याला मी अंगठा दाखवला होता, तोही तुम्ही पाहिला असेल. दोन दिवसांनी शाळेतून मामांना विचारणा झाली. मामा काही बोलले नाहीत. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि घरी गेले.

मला हे शनिवारी कळलं. मी रात्रीच निघाले. रविवारी सकाळी मामांच्या दारात गेले तेव्हा ते म्हणाले, “ताई, तुमचं यंत्र खोटं बोलतंय असं मी म्हणत न्हाई. पण चला, बघू.” विहिरीवर आलो. मामांनी पाण्यालगतच्या दगडावर गेरूने रेघ ओढली. तेव्हा दहा वाजले होते. पंपघराला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. आम्ही दोघं लिंबाखाली बसून राहिलो. सहा तासांत मामा माझ्याशी चहा घेणार का, एवढंच बोलले. चार वाजता मोबाइलवर पाणी सात सेंटिमीटर खाली गेलं होतं. मामा उतरले, मीही मागोमाग उतरले. रेघ पाण्याला टेकलेली होती, सकाळी होती तशीच.

तिथे पायरीवर बसून मला काय आठवलं असेल तर सरांचा दुसरा तास, पाण्याने भरलेल्या ग्लासावर पुठ्ठा ठेवून तो उलटा करायचा, तो. हवेला वजन असतं. पाण्याच्या डोक्यावर हवा बसलेली आहे आणि यंत्राच्या पडद्यावर दोन्हींचा भार पडतो. म्हणून या यंत्राच्या केबलमध्ये वायरींबरोबर एक बारीक, पोकळ नळी असते. ती बाहेरची हवा पडद्याच्या मागच्या बाजूला पोचवते. पुढून हवा, मागूनही हवा. दोन्ही एकमेकांना खोडतात आणि उरतं ते फक्त पाणी. त्या नळीचं वरचं टोक उघडं ठेवायचं असतं. माहितीपत्रकात तसं लिहिलेलं आहे, मी नंतर पाहिलं. मला ते एक रिकामं भोक वाटलं होतं आणि मी त्यात एम-सील भरलं होतं.

हवेचा दाब दिवसभर सारखा नसतो. वादळ-पाऊस नसला तरी उन्हामुळे वातावरणात भरती-ओहोटीसारखी लाट रोज दोनदा फिरते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला दाब जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला कमी. आपल्याकडे सकाळ ते दुपार हा फरक चार हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, आणि एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर पाणी. माझ्या फोनमध्येच हवेचा दाब मोजायची सोय होती. दुसऱ्या दिवशी तो फोन कठड्यावर ठेवून दोन्ही आलेख एकावर एक टाकले, तर दोन्ही एकाच वेळी उतरत होते. चार सेंटिमीटरचा हिशेब लागला. उरलेले तीन कठड्याबाहेर उन्हात लोंबणाऱ्या केबलचे. नळीत कोंडलेली हवा तापली, पडद्याला मागून ढकलू लागली आणि पाणी आणखी कमी दिसलं.

म्हणजे मी दोन महिने शाळेची विहीर आणि माणदेशची हवा एकत्रच मोजत होते.

नळीचं टोक कापायला एक मिनिट लागलं. पेटी पंपघराच्या सावलीत हलवली, तिला हवा खेळती राहील असं झाकण आणि आत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदलायची.

मुख्याध्यापकांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. ग्रुपवरही लिहिलं. पण तोपर्यंत ग्रुप कोणाच्या तरी मुलाच्या निकालाचं अभिनंदन करण्यात पुढे गेला होता. दोन हजार लिटरवर चाळीस जण बोलले होते, एम-सीलवर सहा. मामांनी किल्ली आठवडाभर घेतली नाही. नंतर घेतली, पण एक अट घातली. दर महिन्याच्या एक तारखेला ते स्वतः स्टीलची टेप टाकून पाणी मोजणार, वहीत लिहिणार आणि तो आकडा मोबाइलच्या आकड्याशेजारी ग्रुपवर टाकायचा. खरं तर कॅलिब्रेशन म्हणजे हेच, आणि ते एकदा करून संपत नाही, हे मला त्यांनी शिकवलं असं नाही म्हणणार. ते मला माहीत होतं, मी करत नव्हते.

मामा, तुम्ही मागे बसला आहात. घरी येऊन मी माफी मागितली होती, तेव्हा तुम्ही “असू द्या” म्हणालात. आरोप चारचौघांत झाला होता, म्हणून आज चारचौघांत मागते. माझं चुकलं.

आज सकाळी त्यांनी टेप टाकली. खडू लावलेली टेप खुणेपासून ४.३१ मीटरवर ओली झाली. साडेबारातून वजा केलं तर यंत्रावर ८.१९ मीटर पाणी. मोबाइल ८.१७ दाखवतो आहे. हे दोन सेंटिमीटर कुणाचे, ते अजून बघायचं आहे. जेवण झाल्यावर ज्यांना यायचंय त्यांनी विहिरीवर या, सिलिका जेलची पुडीही बदलायची आहे. कठड्यावरून फार वाकू नका, बाई इथेच आहेत.