तीन मिलिमीटर

आमच्या घरात शिकलेला म्हणून मीच. म्हणजे बी.ए., तेही मराठी घेऊन. त्यामुळे बहिणीचा मुलगा डिप्लोमा करून मेकॅनिकलच्या डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला गेला, तेव्हा त्याची पुस्तकं मी उघडली आणि मुकाट्यानं मिटली.

त्यातलं काही कळेल असा घरात एकच माणूस, माझे अब्बा. उद्यमनगरात चाळीस वर्षं पॅटर्नमेकर. ओतकामाआधी वस्तूचा लाकडी नमुना करतात, तो पॅटर्न. वाळूत दाबून तो काढून घेतला की पोकळी राहते; तिच्यात वितळलेलं लोखंड ओततात. अब्बांचं शिक्षण सातवी. कोल्हापुरात याचं नवल नाही. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथल्याच कारागिरीतून उभा केला. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. शिवाजी विद्यापीठ झालं १९६२ साली. हात आधी शिकले, वह्या मागून आल्या.

तर भाचा एकदा प्रोजेक्टचं ड्रॉइंग घेऊन आला. पंपाचं झाकण होतं. अब्बांनी चष्मा पुसून पाहिलं. म्हणाले, “बेटा, ह्याच्या बाजू सरळ उभ्या. वाळूतनं निघणार कसं? साचा ढासळंल की.” एक-दोन अंशांचा उतार द्यायचा राहिला होता. पोरगं ओशाळलं. हा उतार त्यानं परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहिला होता.

मग अब्बांनी पेटीतून आपली पट्टी काढली. भाच्यानं कॉलेजची स्टीलची पट्टी तिच्याशेजारी ठेवली. तीस सेंटिमीटरला अब्बांची पट्टी तीन मिलिमीटरनं लांब! मला वाटलं, जुनी पट्टी, चुकीची असेल. दोघंही माझ्याकडे बघून हसले. बिड थंड होताना शेकडा एकच्या आसपास आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. दरवेळी हिशेब नको, म्हणून पट्टीच लांब. (कवीला वाटलं, यावर कविता होईल. झाली नाही.)

“पोलादाची पट्टी निराळी,” अब्बा म्हणाले. “ते दुप्पट आकसतं.”

“कारण बिडात कार्बन जास्त, नाना. गोठताना त्याचं ग्रॅफाइट होतं, ते फुगतं. त्यामुळं आकसण्यातलं थोडं भरून निघतं. पोलादात ते होत नाही.”

अब्बा गप्प झाले. दोन्ही पट्ट्या हातात घेऊन बराच वेळ बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “चाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं होतं एकदा सायबाला. ‘तुला काय करायचंय, पट्टी वापर,’ म्हणाला.”

आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. मी तरी कधी विचारलं होतं त्यांना, दिवसभर तुम्ही काय करता म्हणून? त्यांच्या पगारातून माझी फी जात होती आणि मी वृत्तांच्या मात्रा मोजत होतो.

भाचा आता शेवटच्या वर्षाला आहे. वर्गातली बरीच मुलं पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडे डोळे लावून बसलीत. त्यात चूक काही नाही, पगाराचं गणित त्यांना कळतं. बहिणीलाही तेच हवंय. फाउंड्रीतली धूळ तिनं अब्बांच्या छातीत ऐकलीय. मुलाचं अजून ठरत नाही. परवा अब्बांनी बिडाची पट्टी त्याच्या दप्तरात ठेवली. पोलादाची मात्र स्वतःकडेच ठेवली. म्हणाले, “ह्याचं अजून नीट समजून घ्यायचंय. रविवारी ये.”